निर्गुडीला दिलेला नेवता

भाऊजी मंगळवारी सकाळी साडेसहाला गेले. त्या दिवशी वहीत सव्वीस नोंदी होत्या. तीस व्हायच्या होत्या.

भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. सौसरच्या एका शाळेत त्यांनी उभा जन्म भौतिकशास्त्र शिकवलं. मी पांढुर्ण्याच्या कॉलेजात ग्रंथपाल होतो. आयुष्यभर मी पुस्तकांत छापलेलं सगळं खरं धरत आलो आणि भाऊजींनी आयुष्यभर छापलेलं काहीही खरं धरलं नाही, त्यामुळे आमचं पटलं. सबंध सौसर तालुक्यात त्यांनी ज्याला ‘कशावरून?’ असं विचारलं नाही असा माणूस उरला नसेल. स्वतःच्या लग्नात मंगलाष्टकं संपता संपता त्यांनी गुरुजींना हळूच विचारलं होतं, की तुमचं घड्याळ तुम्ही कशाशी मिळवलं? गुरुजी म्हणाले, पंचांगाशी. भाऊजी म्हणाले, पंचांगाला काटे कुठं असतात? अंतरपाट धरून मी शेजारीच उभा होतो. मला हसू आलं आणि ताईने मुंडावळ्यांच्या आडून माझ्याकडे असं पाहिलं, की ते पुढची चाळीस वर्षं मला पुरलं.

घरात त्यांची शंका पाण्यासारखी सगळीकडे शिरलेली होती. ताईने चहा कसा झाला असं विचारलं, की ते कप खाली ठेवून गंभीरपणे म्हणत, “कालच्यापेक्षा, का शेजारच्यांपेक्षा?” लग्नानंतर दुसऱ्या वर्षी ताईने विचारणं सोडलं. पांढुर्ण्याहून नागपूरला गाडीने जाताना ते खिडकीशी बसत आणि घड्याळ हातात धरून रुळांकडेचे किलोमीटरचे दगड मोजत. एकदा समोरच्या संत्र्याच्या व्यापाऱ्याने कौतुकाने सांगितलं, की गाडी आता शंभराने पळते आहे. भाऊजींनी त्याला पुढचे चार दगड मोजायला लावले. गाडी बहात्तरने निघाली. नागपूर येईपर्यंत तो माणूस दुखावल्यासारखा गप्प बसला होता, जणू वेग त्याच्याच खिशातून काढून घेतला होता. उतरताना भाऊजींनी त्याची पिशवी उचलून फलाटावर ठेवली आणि म्हणाले, “रागावू नका. येताना पुन्हा मोजा. माझंही चुकलं असेल.” हे ते मनापासून म्हणत. मी फार माणसं पाहिली नाहीत, पण स्वतःच्या चुकीची एवढ्या आशेने वाट पाहणारा दुसरा पाहिला नाही.

अलीकडे त्यांच्या मुलीने त्यांच्या फोनमध्ये प्रश्नांची उत्तरं देणारं ते नवं यंत्र घालून दिलं होतं. भाची नागपूरला कॉम्प्युटरमध्येच काम करते. कृत्रिम बुद्धिमत्ता हा तिचा विषय. भाऊजी त्या यंत्राशी वर्गातल्या पोराशी बोलावं तसे बोलत. पहिल्याच दिवशी त्यांनी त्याला पडत्या दगडाचं गणित घातलं. उत्तर बरोबर आलं. भाऊजी म्हणाले, “चूक आहे.” यंत्राने लगेच माफी मागितली आणि दुसरं, चुकीचं उत्तर दिलं. भाऊजींनी फोन उलटा ठेवला. “हे पोट्टं कॉपी करून पास झालं आहे,” ते म्हणाले. “मी दटावलं म्हणून यानं बरोबर उत्तर खोडलं. हुशार आहे, पण पाठीचा कणा नाही.” तरी रोज सकाळी ते त्याला एक गणित घालत आणि ‘चूक आहे’ म्हणून पाहत. एके दिवशी ते आपल्या उत्तरावर ठाम राहिलं, तेव्हा भाऊजींनी ताईला हाक मारून ते वाचून दाखवलं. त्यांना झालेला आनंद मी शाळेच्या निकालाच्या दिवशीही पाहिला नव्हता.

त्यांच्या आयुष्यातलं एकमेव संशोधन सुरू झालं ते सायकलच्या पंक्चरपासून. लोधीखेड्याच्या रस्त्यावर एक पंक्चरवाला आहे. ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधता शोधता तो गुडघे दुखणाऱ्या माणसांना निर्गुडीच्या पाल्याचा लेप देतो. त्याच्या बापाकडून आलेली विद्या. माणसं त्याला वैदच म्हणतात. भाऊजींचे दोन्ही गुडघे सायकलीने खाल्लेले होते. वैदाने ते न विचारता ओळखलं आणि पाला देतो म्हणाला. पण उद्या, आज नाही.

“आज काहून नाही?” भाऊजींनी विचारलं.

“आज नेवता द्या लागते, गुरुजी. संध्याकाळी हळदीचे तांदूळ झाडाच्या बुडाशी टाकाचे, पानाईवरून हात फिरवाचा अन् सांगाचं, उद्या सकाळी घ्याले येतो, अमक्यासाठी नेतो, रागावू नको, माई. मंग सकाळी तोडाचं. पाणी नाही लावाचं. बिना नेवत्याच्या पाल्यात गुण नसते.”

“कशावरून?”

वैदाने ट्यूबवरून मान वर केली. “तुमी इचारल्याबिगर कोनाच्या वावरातून शेंग तोडता का?”

दुसरा कोणी शिक्षक असता, तर हसून निघून गेला असता किंवा हात जोडून मोकळा झाला असता. भाऊजींनी दोन्ही केलं नाही. ते घरी येऊन वहीच्या पहिल्या पानावर लिहू लागले: निमंत्रण दिलेल्या पानांत आणि न दिलेल्या पानांत फरक असतो काय? त्याखाली रेघ मारली. पुढच्या शनिवारी मी नेहमीसारखा बसने सौसरला गेलो, तेव्हा त्यांनी मला समोर बसवलं.

“नेवता तुम्ही द्यायचा, साळेसाहेब. मी नाही.”

“मी कायले?”

“कोणत्या झुडपाला नेवता दिला हे मला ठाऊक असलं, तर माझा डोळा मीटरच्या काट्याला ढकलतो. मी मास्तर आहे, मला माझी सवय ठाऊक आहे. तुम्ही नाणं उडवायचं. छापा आला तर डावं झुडूप, काटा आला तर उजवं. चिठ्ठीवर लिहायचं, लिफाफ्यात टाकायचं. मला सांगायचं नाही. मी मेलो तरी नाही.”

नेवता देताना कोणासाठी हे सांगावं लागतं. मी विचारलं, कोणाचं नाव घेऊ? त्यांनी जरा विचार केला. “माझ्या गुडघ्यांचं घ्या. पण एकदा ठरलं की शेवटपर्यंत तेच. एक अक्षर बदलायचं नाही.” गंमत अशी, की तो लेप त्यांनी स्वतः कधीच लावला नाही. पाला आणला, मोजला, उरलेला वैदाकडे पोचता केला, आणि हे स्वतः जिन्याचा कठडा धरून लंगडत राहिले. ताई म्हणायची, “अवो, घरात टोपलीभर निर्गुडी येऊन राहिली अन् तुम्ही कण्हून राहिले. लावा ना जराशी!” ते म्हणत, “मी पंच आहे. पंचाने खेळायचं नसतं.” त्यावर ताई जे बोलायची ते मी लिहीत नाही.

दिवाळीपासून होळीपर्यंत दर शनिवारी संध्याकाळी मी हळदीत घोळलेले तांदूळ वाटीत घेऊन जामसांवलीच्या रस्त्याला नाल्याकडे जात असे. माझ्यासारख्या लाजऱ्या माणसाने झुडपाशी बोलायचं म्हणजे काय, ते ज्याचं त्यालाच कळतं. शिवाय शनिवार. तिथल्या मारुतीच्या दर्शनाला जाणाऱ्यांची रांग लागलेली. तिसऱ्याच आठवड्यात एका बाईने मला पाहिलं, मी गेल्यावर ती थांबली आणि हळदीचे तांदूळ दिसले म्हणून तिने झुडपाला नमस्कार केला. तिच्यामागून आणखी चौघी. सकाळी पानं मीच तोडत असे, तांदूळ दिसू नयेत म्हणून भाऊजी बांधावरच थांबत. त्या सकाळी आम्ही दोघं गेलो, तो दोन्ही झुडपांना कुंकू लागलेलं, एकापुढे नारळाची शकलं आणि दुसऱ्याच्या फांदीला लाल दोरा. भाऊजी डोक्याला हात लावून बांधावर बसले. “ज्याला नेवता नव्हता त्यालाही देऊन गेल्या,” ते म्हणाले. “आता कोणाशी तुलना करू?” त्या आठवड्याची नोंद त्यांनी खोडली आणि शेजारी कारण लिहिलं: ‘भक्ती’. मग आम्ही ओळखीच्या एका संत्र्याच्या बागेमागची झुडपं धरली, तिथं कोणी येत नसे.

त्याच मारुतीला ते ताईबरोबर अधूनमधून जात. तिथं मात्र ते डोळे मिटून उभे राहत आणि बाहेर येईपर्यंत काहीही विचारत नसत. मी एकदा छेडलं, इथं कशावरून नाही का? ते चपला शोधत म्हणाले, “इथं मी मोजायला येत नाही. तुमच्या ताईसोबत येतो.”

मोजणी होती ती स्वयंपाकघराच्या ओट्यावर. बिस्किटांचा पत्र्याचा डबा त्यांनी आतून काजळीने काळा केला होता. एका बाजूला निळा दिवा, दुसऱ्या बाजूला प्रकाश ओळखणारा भाग, आणि त्याची तार जुन्या काट्याच्या मीटरला. पानं वाळवून, स्पिरिटमध्ये भिजवून, गाळून, त्यात ॲल्युमिनियमचा एक क्षार घातला, की अर्क पिवळा होतो. पानातला औषधी घटक जितका जास्त, तितका पिवळा गडद, आणि तितका निळा प्रकाश कमी पार जातो. ही पद्धत त्यांनी जीवरसायनशास्त्राच्या एका पुस्तकातून घेतली होती. ते पुस्तक मीच ग्रंथालयातून काढून दिलं होतं. प्रत्येक आठवड्याच्या पानांचा ते पांढऱ्या ताटलीत फोटोही काढून ठेवत. कशासाठी, विचारलं तर म्हणत, “उद्या कोणी मला कशावरून विचारलं तर?” ताईची तक्रार वेगळीच होती. “भाऊ, तुझ्या बाह्या दर आठवड्याला पिवळ्या करून आणतोस, धुता धुता जीव जाते. अन् हळदीचा डबा पंधरा दिवसांत खाली. जाते कुठं एवढी हळद?” आम्ही दोघं हसत असू. संशोधनाला थोडी हळद लागायचीच.

नऊ हिवाळ्यांनंतर भाऊजींनी माझ्यासमोर लिफाफा फोडला. चिठ्ठ्या वहीशेजारी मांडत गेलो, तसा मला घाम फुटला. नेवता दिलेल्या पानांचा आकडा जवळजवळ दर वेळी जास्त होता. भाऊजी तीन दिवस ओट्यापासून हलले नाहीत. त्यांनी बेरजा पुन्हा केल्या, मीटर तपासला, दिवा बदलला. चौथ्या दिवशी ते म्हणाले, “साळेसाहेब, फरक आहे.” आपल्याला न पटणारी गोष्ट आपल्याच हातांनी सिद्ध झाल्यावर माणूस कसा दिसतो, ते मी त्या दिवशी पाहिलं. तो घाबरलेला दिसतो, आणि फार सुंदर दिसतो.

बातमी पसरायला वेळ लागला नाही. पांढुर्णा जिल्हा झाला तेव्हापासून आमच्याकडे मंडळं वाढली होती, आणि प्रत्येक मंडळाला सत्कारासाठी जिल्ह्याचं एक भूषण हवं होतं. एका मंडळाने भाऊजींना धरलं. पांढुर्ण्याला सभागृह ठरलं, रविवार ठरला, शाल ठरली. भाचीला वाटलं, बाबांच्या भाषणाला आधुनिक जोड द्यावी. तिने ते सगळे फोटो आपल्या संगणकाला दाखवले, आणि कोणतं पान नेवत्याचं, कोणतं बिननेवत्याचं, हे ओळखायला शिकवलं. यंत्र नव्या फोटोंतलीही पानं बिनचूक ओळखू लागलं. ताईने पेढे वाटले. यंत्रालासुद्धा दिसतं म्हणजे आता काय राहिलं!

शुक्रवारी दुपारी भाचीचा मला फोन आला. ती रडत नव्हती, पण रडून झालं होतं.

“मामा, मी त्याला विचारलं, तू फोटोत नेमकं कुठं पाहून ओळखून राहिला? त्यानं जागा लाल करून दाखवल्या. पानाच्या कडा आणि देठाजवळच्या खाचा. मी फोटो मोठा करून पाहिला. पिवळे कण आहेत, मामा. हळद आहे.”

मला एकदम समजलं नाही. मग समजलं. हळदीच्या बोटांनी मी नऊ हिवाळे पानांवरून हात फिरवला होता. पानं धुवायची नव्हती. हळद स्पिरिटमध्ये विरघळते. हळद पिवळी असते. आणि भाऊजी नऊ वर्षं पिवळेपणा मोजत होते.

“बाबांना सांगितलं?”

“नाही. परवा सत्कार आहे.”

मी जे बोललो ते इथं लिहायला हवं, नाही तर बाकीचं लिहिण्याला अर्थ नाही. मी म्हणालो, “सोमवारी सांगू. दोन दिवसांनी काय बिघडतं?”

ती म्हणाली, “मामा, आपण दोन दिवस थांबलो होतो हे बाबांना नंतर कळलं तर?” मी फोन ठेवला.

शनिवारी मी सौसरला गेलो. भाऊजी आरशासमोर भाषण म्हणत होते आणि प्रत्येक वाक्यानंतर स्वतःलाच शंका विचारत होते. मी सवयीने वाटी घेतली आणि बागेमागे गेलो. नेहमीसारखे तांदूळ टाकले, नेहमीसारखा हात फिरवला, माझ्या भाऊजींच्या गुडघ्यांसाठी नेतो असं सांगितलं. तिथंच उभा राहून मी माझ्या बोटांकडे पाहिलं. घरी परतलो तेव्हा हात धुतले नव्हते. मी भाऊजींसमोर तळहात पसरले.

“हे मोजा,” मी म्हणालो.

ते काही विचारणार होते, पण त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. मी फोटोंचं सांगितलं, भाचीचं सांगितलं. सोमवारी सांगू म्हणालो होतो, तेही सांगितलं. त्यांनी कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून माझी बोटं एकेक करून पुसली, बोळा नळीत पिळला, नळी डब्यात ठेवली. काटा हलला आणि नऊ वर्षं जिथं थांबत होता तिथं येऊन थांबला.

त्यांनी डब्यातला दिवा बंद केला. मग भाऊजी म्हणाले, “नऊ वर्षं मी तुमचा हात मोजून राहिलो होतो, साळेसाहेब.”

ताई दारात उभी होती. “मी म्हणत नव्हते का,” ती म्हणाली, “एवढी हळद जाते कुठं?” आणि डोळ्याला पदर लावून आत गेली.

मला वाटलं, ते सत्काराला जाणार नाहीत. ते गेले. पांढरा सदरा घालून व्यासपीठावर बसले, आणि बोलायची वेळ आली तेव्हा माइक नीट करून त्यांनी सांगितलं, की माझा निष्कर्ष चुकीचा आहे, फरक पानांचा नव्हता, हळदीचा होता, आणि ही चूक माझ्या मुलीने शोधली. शाल द्यायची तर तिला द्या. सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. अध्यक्ष म्हणाले, असा विनय आजकाल दिसत नाही. शाल भाऊजींनाच मिळाली. दुसऱ्या दिवशीच्या बातमीत होतं, की सौसरच्या शिक्षकाने निर्गुडीत हळदीचे गुण शोधले. आठवडाभर माणसं दारात येऊन हळदीची निर्गुडी मागत होती, आणि भाऊजी प्रत्येकाला ओसरीवर बसवून आपली चूक पहिल्यापासून समजावत होते. माणसं पाणी पिऊन, मान हलवून, शेवटी विचारत, मग केव्हा येऊ घ्यायला? रात्री ते मला म्हणाले, “चुकलो म्हणून सांगितलं तर टाळ्या वाजवून राहिले. बरोबर असतो तर काय केलं असतं हो यांनी?” हसायचा प्रयत्न त्यांनी केला होता, पण तो अर्ध्यावर राहिला.

त्या उन्हाळ्यात ते म्हातारे झाले. गणित घातलं जात नसल्यामुळे फोन उलटा पडून असे. मी दर शनिवारी जात राहिलो. नेवता द्यायचा नसला तरी जाण्याची सवय सुटली नव्हती. दिवाळीच्या आधी एकदा पोचलो, तर ओट्यावर डबा पुसून ठेवलेला होता आणि वहीचं नवं पान उघडं होतं.

“प्रश्न अजून तसाच आहे,” भाऊजी म्हणाले. “उत्तर चुकलं म्हणून प्रश्न थोडाच चुकते? आता हळद नाही. साधे पांढरे तांदूळ, दोन्ही झुडपांच्या बुडाशी. हात साबणाने धुवायचे. हात दोन्हींवरून फिरवायचा. बोलायचं मात्र एकाशीच. तीस जोड्या. तीस झाल्याबिगर लिफाफा उघडायचा नाही.”

“अन् नाव?”

“नाव तेच. गुडघे तेच आहेत.”

वैदाला हळद काढल्याचं सांगितलं, तेव्हा तो नाराज झाला. लग्नाची पत्रिका बिनाहळदीची धाडल्यासारखं होते म्हणाला. पण चालवून घेतो म्हणाला. पहिल्या हिवाळ्यात सतरा जोड्या झाल्या, दुसऱ्यात नऊ. मग तो मंगळवार आला.

तेराव्यानंतर पाहुणे गेले. ताई स्वयंपाकघरात बसली होती. डबा ओट्यावरच होता. दिवसांच्या धांदलीत कोणीतरी त्यावर केळीची फणी ठेवली होती. ताईने ती उचलली आणि पदराने डबा पुसला. अकरा वर्षांत तिने त्याला हात लावलेला मी पाहिला नव्हता.

“किती राहिल्या?” तिने विचारलं.

“चार.”

“तू दोन्ही कामं नाही करू शकत ना? बोलणं अन् मोजणं?”

“नाही. मग काही अर्थ नाही.”

“मंग मले शिकव. अन् कोणतं झुडूप ते सांगू नको. यांनी तुले सांगतलं होतं ना, मेलो तरी नाही म्हणून. मलेही नाही.”

त्या शनिवारी मी बागेमागे गेलो. नाणं उडवलं. डावं झुडूप. तांदूळ टाकले, दोन्हींवरून हात फिरवला, आणि डाव्यापाशी येऊन थांबलो. बोलायचे शब्द ठरलेले होते. एक अक्षर बदलायचं नव्हतं. बदललं असतं तर आधीच्या सव्वीस नोंदी वाया गेल्या असत्या. मी सांगितलं, उद्या सकाळी घ्यायला येतो. माझ्या भाऊजींच्या गुडघ्यांसाठी नेतो. रागावू नको, माई.

असं मी चार शनिवार सांगितलं.

ताईचा हात मोजणीला भाऊजींपेक्षा बरा निघाला. अंदाजाने मीठ घालणारी बाई काट्याच्या बाबतीत मात्र अर्ध्या रेघेचीही सूट देत नसे. नळी ठेवताना ती कोणाशी तरी भांडल्यासारखी पुटपुटे, आकडा लिहिताना तिची जीभ ओठांबाहेर येई. तिसाव्या जोडीचा आकडा तिने लिहिला, तारीख घातली आणि पेन बंद केलं. भाची नागपूरहून आली होती. तिने लिफाफ्यावरच्या डिंकाखाली सुरी सरकवली आणि चिठ्ठ्या एकेक करून वाचल्या. ताई वहीत खुणा करत गेली.

पंधरा जोड्यांत बोललेल्या झुडपाचा आकडा जास्त होता. चौदांत न बोललेल्याचा. एकीत दोन्ही सारखे.

भाचीने पुन्हा मोजलं. मी पुन्हा मोजलं. ताई म्हणाली, “हे म्हणाले असते, अजून एकदा मोजा.” म्हणून आम्ही अजून एकदा मोजलं.

परत येण्याआधी मी लोधीखेड्याच्या रस्त्याला जाऊन वैदाला निकाल सांगितला. तो एका सायकलचं चाक फिरवून पाहत होता. त्याने ते हाताने थांबवलं. मग म्हणाला, “गुरुजीनं पुरं करून सोडलं म्हना.” आणि मला बसायला स्टूल दिलं.

उरलेला पाला ताईने वैदाकडे पाठवला नाही. तिने तो कुटून आपल्या गुडघ्यांना लावला. डबा तिच्या ओट्यावर आहे. वही माझ्याकडे आहे. शेवटच्या पानावर मी भाऊजींच्या पहिल्या ओळीखाली लिहावं तसं उत्तर लिहिलं आहे: तीस जोड्या पूर्ण. निमंत्रण दिलेल्या आणि न दिलेल्या पानांत फरक आढळला नाही.